मिरगाच्या आत: उन्हाळ्यासाठी दारापुढचा सोपा थोड्या पैशात कसा तयार करावा

होळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या घरांचा संसार पुढच्या दाराकडे सरकतो. दुपारभर माणसे आत असतात. पण पाच वाजून गेले आणि घाटाकडून वारा सुटला की भाजी निवडणे, वाळवण आवरणे, मुलांचे खेळ, लग्नपत्रिका घेऊन आलेल्यांशी बोलणे, सगळे सोप्यात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, नाहीतर कट्ट्यावर चालते. तरी पैसा खर्च होतो तो आतल्या खोलीवर. सोप्यात मात्र चपलांचा ढीग, पंक्चर झालेली सायकल आणि रिकामे सिलिंडर उभे असते.

ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे: नुकतेच वेगळे बिऱ्हाड थाटलेले, बदली होऊन इथे भाड्याने आलेले, किंवा वाटणीत जुने कौलारू घर वाट्याला आलेले. घराला ऐसपैस सोपा असो, गावातला ओटा असो की शहरातल्या गल्लीत दारालगत असतो तसा तीन फुटी कट्टा, कामाचा क्रम तोच राहतो.

सुरुवातीलाच एक कसोटी मनाशी पक्की करा. आपल्याकडची उन्हाळी मांडणी गुढीपाडव्यापासून मिरगापर्यंतची असते. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला त्यानंतर जो पाऊस उतरतो त्यात कापड, तट्टे, पुठ्ठा, हलके लाकूड काही टिकत नाही. म्हणून जे लावाल ते एकतर पाऊस सोसणारे असावे, नाहीतर घरातल्या दोन माणसांना अर्ध्या दिवसात उतरवता यावे. या कसोटीत न बसणारी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावी लागते.

पैशाचे म्हणाल तर भाव गावागणिक वेगळे, म्हणून मी वाटणी सांगते. तीन हजार रुपये काढून ठेवले असतील तर त्यातले निम्मे सावलीसाठी ठेवा. पाच-सहाशे चुना, काव (भिंतीला ओढायचा तांबडा गेरू) आणि कुंच्याला. तेवढेच फरशीची डागडुजी, माती आणि खताला. उरतील त्यात माठ आणि दिवा. बाजारात टांगलेली प्लास्टिकची फुले, चिमण्या, झुंबरे यांना या हिशेबात जागा नाही. सावली नसलेल्या सोप्यात ती दोन आठवड्यांत विटतात.

आधी ऊन ओळखा

एक सुट्टीचा दिवस यासाठी द्या. सकाळी आठ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता सोप्याच्या जमिनीवर ऊन कुठपर्यंत येते तिथे खडूने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. आडोसा कुठे हवा आणि कुठे त्यावर पैसा घालण्याची गरज नाही हे त्या चार रेघा सांगतात.

पण मार्चमध्ये आखलेली रेघ मेमध्ये जशीच्या तशी राहत नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. २१ मार्चच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. पुढे तो रोज थोडा उत्तरेकडे सरकतो आणि मेअखेरीस वायव्येच्या बाजूला कलून मावळतो. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचे ऊन थोडे उत्तरेकडून पडते.

याचा अर्थ असा. घर पश्चिममुखी असेल तर दारात उभे राहून समोर आणि उजव्या हाताला, दोन्हीकडे आडोसा लागेल. उत्तरमुखी घराला ऊन लागत नाही असे सांगून भाड्याने दिलेले असते, पण मेमध्ये संध्याकाळी डाव्या हाताकडून तिरपे ऊन थेट सोप्यात घुसते. तिथे एक अरुंद तट्टा पुरतो. पूर्वमुखी सोपा दहा-अकरानंतर आपोआप सावलीत जातो. तुमचे निम्मे पैसे तिथेच वाचले, ते झाडांवर घाला. दक्षिणमुखी घरांना मार्चमध्ये जेवढा त्रास होतो तेवढा मेमध्ये होत नाही, म्हणून त्यांनी घाईने मोठी खरेदी करू नये.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे रात्री सुसह्य असतात. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीच्या बाजूला मात्र ऊन अधिक कडक आणि वारा कोरडा. तिकडच्या लोकांनी सावलीचा वाटा निम्म्याहून वाढवला तरी चालेल.

आवराआवर आणि छप्पर

सोपा पूर्ण रिकामा करा. ज्या वस्तूला वर्षभरात हात लागला नाही ती भंगारवाल्याला द्या. चपलांसाठी भिंतीलगत दोन फळ्यांचा मांड पुरतो. गॅस सिलिंडर उन्हात राहणार नाही अशा हवेशीर कोपऱ्यात सरकवा.

मग वर बघा. कौलारू घर असेल तर फुटलेली, सरकलेली कौले आत्ताच बदलून घ्या. शाकारणी मेअखेरीस करायची अशी जुनी पद्धत आहे, पण वळीव त्याआधीच येतो आणि एका संध्याकाळीत नवा चुना ओघळवून जातो. निदान सोप्यावरच्या दोन-तीन ओळी तरी आधी हाताखालून घाला. पत्र्याचे छप्पर असेल तर हुकांचे नटबोल्ट आवळून घ्या, वळवाचा वारा सैल पत्रा उचलून शेजारच्या घरावर टाकतो. गावची लक्ष्मीची यात्रा ज्या वर्षी असेल त्या वर्षी गवंडी आणि रंगारी दोघांनाही खूप आधी सांगून ठेवावे लागते. सगळा गाव एकदमच घर रंगवायला काढतो.

भाड्याच्या घरात असाल तर मालकांना विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका आणि रंग बदलू नका. पांढरा चुना आणि उतरवता येणारी सावली याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

जमीन

डागडुजी आधी करा, पण घासून धुणे शेवटी ठेवा. मधे चुन्याचे शिंतोडे पडणारच आहेत.

शहाबादी फरशी असेल तर सांधे उकरून स्वच्छ करा आणि १ भाग सिमेंट, ३ भाग बारीक चाळलेली वाळू कालवून भरा. भरण्याआधी सांधा ओला करा आणि भरल्यावर सात दिवस दिवसातून दोनदा पाणी मारा. पाणी मारायचा कंटाळा केला तर सांधा भुसभुशीत होऊन पायाबरोबर निघतो. फरशी चकचकीत करण्यासाठी ॲसिड वापरू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खाते आणि फरशी खरखरीत होऊन जास्तच मळते. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून काथ्याच्या ब्रशने घासा, तेवढे पुरे.

जुन्या घरांतला लाल कोबा फार मोलाचा आहे. त्यावर टाइल्स बसवायचा विचार मनातून काढून टाका. साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि जुन्या सुती कापडाला खोबरेल लावून पातळसे चोळा. तेल जास्त झाले तर धूळ धरते आणि पाय घसरतो, म्हणून नंतर कोरड्या कापडाने पुसून काढा. आपल्या घाटमाथ्याच्या उन्हाळ्यात असा कोबा दुपारीसुद्धा पायाला थंड लागतो.

मातीचा सोपा असेल तर ताजे शेण आणि चाळलेली तांबडी माती एकत्र कालवून सारवा. भेगा आधी चिखलाने बुजवून वाळू द्या. सारवण पातळ ठेवा, जाड थर वाळला की पोपडे धरतो.

चुना आणि काव

संपूर्ण कामात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त बदल दिसतो तो इथे. पांढरी भिंत ऊन परतवते, सोपा उजळ दिसतो आणि चुन्याची भिंत श्वास घेते. खानापूर भागात जांभ्याच्या भिंती आहेत, त्यांना तर ऑइल पेंट लावूच नये. आतली ओल अडकते आणि दगडाचा पापुद्राच रंगासकट सुटून येतो.

पहिल्यांदा भिंत बघा. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर त्यावर चुना बसत नाही. तिथे चुना करू नका, भिंत धुऊन घ्या आणि पैसे वाचवा. जुना चुना किंवा साधे डिस्टेंपर असेल तर सुटलेले पोपडे पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा. लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार, लागला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. पाण्याने तो क्षार पुन्हा भिंतीत मुरतो. आणि लोणा लागला म्हणजे कुठूनतरी पाणी येते आहे: गटार तुंबलेले असेल, नळ गळत असेल, बाहेरची माती भिंतीला चढलेली असेल. ते कारण सापडल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

चुन्याची कळी (भाजलेल्या, न विरलेल्या चुन्याचे खडे) भिजवताना मात्र फार जपा. कळी पाण्यात पडली की उकळते. लोखंडी घमेले किंवा जाड पिंप घ्या, प्लास्टिकची बादली वितळते. आधी पाणी घ्या आणि त्यात थोडी थोडी कळी सोडा. कळीवर एकदम पाणी ओतले की गरम चुना अंगावर उडतो. चुना डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून चष्मा घाला, मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा, आणि चुकून उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रमाण असे: १ किलो कळीला साधारण ५ लिटर पाणी. २४ तास तसेच ठेवा, मग ढवळून जाडसर कापडातून गाळा. दर १० लिटर गाळलेल्या चुन्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे हाताला आणि पाठीला चुना लागत नाही. पांढरेपणाला थोडी नीळ, किलोमागे ३ ग्रॅमच्या आत. नीळ जास्त झाली तर भिंत आजारी दिसते.

लावायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा. चुना सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा, तापलेल्या भिंतीवर तो क्षणात सुकतो आणि नंतर पिठासारखा झडतो. हात पातळ द्या. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही म्हणून नवखे लोक दाट चुना थापतात, तसे करू नका. वाळला की तो आपोआप पांढरा होतो. तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.

आणि खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा कावेने ओढा. हा पट्टा शोभेसाठी तर आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे आपली तांबडी माती. वळवाचे टपोरे थेंब अंगणात आपटले की तांबडे शिंतोडे भिंतीवर गुडघ्याएवढे उडतात. पांढऱ्या भिंतीवर ते मेअखेरपर्यंत राहतात, कावेवर कळतही नाहीत. काव रात्रभर भिजवा, गाळा, थोडा डिंक घाला. पट्ट्याची वरची कड सरळ यावी म्हणून सुतळीला काव लावून भिंतीवर ताणून फटका मारा, गवंडी मारतात तसा. रेघ उमटते, तिच्याखाली ब्रश चालवा. ही कड सरळ असेल तर साऱ्या घराला नीटसपणा येतो, म्हणून तिथे घाई नको.

सावली

ऊन भिंतीवर पडायच्या आधी, बाहेरच अडले पाहिजे. आतून पडदा लावला तर प्रकाश कमी होतो, पण भिंत आणि जमीन तापायची ती तापतेच आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. म्हणून आडोसा सोप्याच्या बाहेरच्या कडेला, भिंतीपासून सुटा आणि वरून हवा निघून जाईल असा लावा.

काय लावायचे ते तुमच्या भागात काय सहज मिळते त्यावर ठरवा. खानापूर, जांबोटीकडे चिवा (बारीक जातीचा बांबू) आणि नारळाच्या झावळ्या आहेत. झावळ्यांचे विणलेले झाप एका उन्हाळ्याला पुरतात आणि नंतर चुलीला जातात. निपाणी, चिकोडी, रायबागकडे उसाचे पाचट फुकट मिळते, मांडवावर त्याचा वीतभर थर गारवा देतो. पण वाळलेले पाचट आगीला फार लवकर धरते. चूल, देवापुढची समई, विजेची वायर, विडी-सिगारेट ओढायची जागा यांच्याजवळ ते मुळीच नको. शहरातल्या दाटीच्या गल्लीत तर पाचट आणि झाप दोन्ही टाळा.

शहरासाठी बुरुडांकडचा बांबूचा तट्टा उत्तम. माप घेऊन बनवून घ्या आणि गुंडाळता येईल असा विणायला सांगा. बांबू पिकलेला असावा. ओल्या, कोवळ्या बांबूला भुंगा लागतो आणि महिनाभरात खाली पिवळी भुकटी पडू लागते. खांबासाठी स्वतः चिवा आणला असेल तर तो दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, आतला गोडवा निघून जातो आणि किडा कमी लागतो.

शेडनेट हा सर्वांत टिकाऊ पर्याय. बसायच्या जागेवर ७५ टक्के सावलीची आणि नुसती झाडे असतील तिथे ५० टक्क्यांची घ्या. ताडपत्री मात्र लावू नका. तिच्याखाली गरम हवा कोंडते आणि वळवाचा वारा तिला शिडासारखी फुगवून खांबासकट उपटतो.

शेडनेट बांधायची रीत नीट समजून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी ती कोपऱ्यातूनच फाटते. जाळीला भोके पाडून दोरी ओवू नका. जाळीची कड बांबूच्या लांब कांबीवर दोनदा गुंडाळा, ती कांब काथ्याने वीत-वीत अंतरावर बांधा, आणि मग दोरी कांबीला बांधून खांबाला न्या. ताण सगळ्या कडेवर सारखा पडतो. वरची बाजू पक्की बांधा, खालची बाजू सरकगाठीने. वळवाचे ढग भरून आले की खालची गाठ ओढून जाळी वर गुंडाळून टाकायची. घरातल्या शाळकरी मुलांना ही गाठ शिकवून ठेवा, वळीव बहुधा दुपारनंतर मोठी माणसे कामावर असतानाच येतो.

जाळीचा उतार पश्चिमेकडे खाली झुकता ठेवा आणि खालची कड जमिनीपासून तीनेक फूट वर. तेवढ्या फटीतून वारा आत येतो, आणि सूर्य अगदी खाली उतरेपर्यंत ऊन बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर येत नाही. खांब रस्त्यावर किंवा गटारात रोवू नका. घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर खांबापासून आणि ओल्या दोरीपासून लांब राहिली पाहिजे. तिथे शंका असेल तर लाइनमनला दाखवूनच काम करा.

वाळ्याच्या पडद्याचा सगळ्यांना मोह पडतो. पाणी मारले की तो गार वास देतो, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी खरोखरच हवा थंड करतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. पण मेमध्ये दमट हवा आली की पाणी नीट उडत नाही आणि पडदा नुसता ओलसर राहतो. एवढ्या थोड्या आठवड्यांसाठी पैसे घालवण्यापेक्षा धुतलेल्या गोणपाटाचे दोन पडदे करून ओले करा, काम तेच होते. गोणपाट धान्याचे घ्या, तंबाखूचे नको. निपाणीकरांना ते वेगळे सांगायला नको.

वेलीची सावली सर्वांत सुंदर, पण तिला वेळ लागतो. फेब्रुवारीत घोसाळ्याच्या बिया मांडवाच्या पायथ्याशी लावल्या तर एप्रिलअखेर वेल वर पसरते आणि भाजीही मिळते. मार्च उजाडला असेल तर यंदा जाळी लावा आणि बियांची आठवण पुढच्या वर्षी ठेवा.

झाडे

उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असते. बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर आहे, आणि कितीतरी गल्ल्यांत नळ रोज येत नाही. म्हणून झाडे मोजकी आणि चिवट निवडा. रोपवाटिकेत जायच्या आधी गल्लीत फिरा. सदाफुली, गुलबक्षी, गोकर्ण यांच्या बिया, आणि जास्वंद, बोगनवेल, मनीप्लांट यांच्या फांद्या मागितल्या की मिळतात. शेजारच्या काकूंना दोन वाक्ये बोलून मागा. ओळखही होते आणि ते झाड कुठल्या उन्हात वाढते हेही कळते.

विकत घ्यायचेच असेल तर एक मोगरा आणि एक अबोली घ्या. मोगऱ्याला पूर्ण ऊन लागते, तो सावलीत ठेवला तर पाने देतो आणि फुले देत नाही. त्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत केलेली असली की उन्हाळ्यात कळ्यांनी भरतो. अबोली अर्ध्या सावलीत चालते आणि गजऱ्याला रोज हाताशी असते. छताखाली जिथे ऊन पोचत नाही तिथे मनीप्लांट आणि स्नेक प्लांट. ऊन भाजून काढणाऱ्या कठड्यावर कोरफड आणि चिनी गुलाब. तुळस सकाळचे ऊन मिळेल अशा जागी.

मातीत फरक करा. खानापूरकडची तांबडी माती पाणी पटकन सोडून देते, तिच्यात शेणखत आणि नारळाचा भुसा सढळ हाताने मिसळा. चिकोडी, गोकाककडची काळी माती कुंडीत आक्रसते, भेगाळते आणि मुळांशी पाणी धरून बसते, तिच्यात निम्म्याच्या आसपास जाड वाळू आणि शेणखत हवे. कुंड्या विकतच घ्यायला पाहिजेत असे नाही. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, काठ फुटलेले माठ चालतात. तळाला तीन-चार भोके पाडा, त्यावर विटेचे तुकडे ठेवा. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि मुळे भाजतात, म्हणून त्याला बाहेरून उरलेला चुना लावा. सगळ्या वेगवेगळ्या डब्यांना खाली कावेचा पट्टा ओढला की ते एका घरातले दिसतात.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घाला, साबणाचे नको. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे थर पसरा, म्हणजे पाणी कमी उडते. कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओतून घासून ठेवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

बसणे, पाणी, दिवा

बसायला नवी खुर्ची नको. ढिली झालेली बाज नव्या दोरीने विणून घ्या, किंवा कट्ट्यावर वाकळ अंथरा. जुन्या सुती इरकली साड्या घरात असतील तर त्यांच्या वाकळी उन्हाळ्यातही अंगाला टोचत नाहीत. लहान मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे बसणे आधी बघा. आजोबांना उठताना हात टेकायला काहीतरी पाहिजे आणि पाय जमिनीला लागले पाहिजेत.

माठ सोप्यातच ठेवा. आल्या माणसाच्या हातात गूळ आणि पाणी ठेवायची आपली रीत आहे, आणि ऊन चढले की पोस्टमन, गॅसवाला, भाजीवाली यांनाही ते पाणी सहज घेता येते. खानापूर कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेले आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. माठ घेताना बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. घरी आणून भरून एक दिवस ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. माठ वाऱ्याच्या वाटेत पण सावलीत, तिवईवर ठेवा. पाणी थंड होते ते बारीक छिद्रांतून झिरपून उडते म्हणून. काही आठवड्यांनी माठ पाझरेनासा झाला तर बाहेरून काथ्याने घासा, छिद्रे मोकळी होतात. आत साबण कधीही नको, माती त्याचा वास धरते. शेजारी पाखरांसाठी एक उथळ परळ भरून ठेवा.

दिवा पिवळ्या उजेडाचा, तीन ते पाच वॅटचा एलईडी लावा. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात. पहिल्या वळवानंतरच्या संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरे झुंडीने निघतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास सोप्यातला दिवा बंदच ठेवा.

दार आणि उंबरठा लाकडी असेल तर घासून बेलतेलाचा (उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) पातळ हात द्या. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. एवढे झाले की फरशी धुवा. पाडव्याच्या दिवशी तोरण, उंबरठ्याला हळद-कुंकू आणि रांगोळी यापलीकडे काही लागत नाही. बेळगावात वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते. मार्गावर घर असेल तर त्या रात्री पाहुणे सोप्यातच मावतात. झाडे आदल्या दिवशी आत घ्या आणि सतरंज्या अंथरा.

मेअखेरीस

आठवड्यातून एकदा दोऱ्या तपासा, जाळीवरची धूळ झाडा, संध्याकाळी अंगणात सडा घाला. पाणी कमी असेल तर सडा वगळा, झाडांचे पाणी वगळू नका.

मे संपायच्या आत एक कोरडा दिवस धरून सगळे उतरवा. ओली जाळी घडी करून ठेवली तर तिला बुरशी धरते, म्हणून दोरीवर वाळवून मगच गुंडाळा. तट्टे दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि जमिनीला न टेकवता माळ्यावर आडवे टाका. चिव्याचे खांब घरात चूल असेल तर तिच्या वरच्या आढ्याला बांधा, धुराने किडा लागत नाही. गोणपाट धुऊन वाळवा. माठ रिकामा करून उन्हात कोरडा झाल्यावर पालथा घाला. कोरफड, चिनी गुलाब आणि स्नेक प्लांट छताखाली घ्या, ती पावसात कुजतात. मोगरा आणि जास्वंद बाहेर राहू द्या, फक्त खालच्या ताटल्या काढून टाका आणि डब्यांची भोके तारेने मोकळी करा. उरलेली काव वाळवून झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर खडूने नाव लिहा. गणपतीच्या आधी पट्ट्याला पुन्हा एक हात लागतोच.